वणव्याचा धूर आणि घरातला रुग्ण

प्रतिनिधी, बदलापूर

उल्हास नदीला पूर आला की बदलापूर पश्चिमेतील हेंद्रेपाड्याचे नाव हमखास बातम्यांत येते. २६ जुलै २००५ चा प्रलय आणि त्यानंतर जुलै २०१९ व जुलै २०२१ मधील पूर यांनी नदीकाठच्या वसाहतींना बरेच काही शिकवले. पाणी वाढू लागताच वाहने उंचावर न्यायची, तळमजल्यावरील सामान वरच्या मजल्यावर चढवायचे आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सर्वांत आधी हलवायचे, हा क्रम आता येथील रहिवाशांना समजावून सांगावा लागत नाही.

पावसाळ्यातील हे शहाणपण उन्हाळ्यातील एका संकटालाही लावण्याची गरज आहे. फेब्रुवारी ते मे या काळात चंदेरी-माथेरानची डोंगररांग, मलंगगडाचा परिसर आणि बारवीकडील जंगलपट्टा येथे वणवे लागतात. रात्री डोंगरउतारावर केशरी रेघ दिसते, पहाटे हवेत जळक्या गवताचा वास असतो आणि गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख सापडते. निरोगी माणूस खिडकी लावून घेतो आणि कामाला लागतो. मात्र त्याच इमारतीत दम्याचा रुग्ण असतो, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आजोबा असतात, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या बाई असतात, केमोथेरपीसाठी परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्या करणारा तरुण असतो. यांच्या दृष्टीने डोंगरावरील आग दूरची राहत नाही.

नदीकाठच्या वसाहतीपर्यंत ज्वाळा पोहोचण्याची शक्यता कमी असते. तेथवर पोहोचतो तो धूर. म्हणूनच गंभीर आजारी व्यक्तीच्या बाबतीत प्रश्न ‘आग कुठवर आली’ हा नसून ‘धूर कधी येणार आणि त्याआधी आपण काय करणार’ हा आहे.

डोंगर का पेटतो?

या भागातील जंगल प्रामुख्याने पानझडीचे आहे. साग, ऐन यांसारखे वृक्ष हिवाळा सरता सरता पाने टाकतात. पावसाळ्यात उंच वाढलेले गवत तोवर वाळून पिवळे पडलेले असते. पाचोळा आणि गवत यांचा हा थर एका ठिणगीने पेट घेतो. आपल्याकडे नैसर्गिक कारणाने वणवा लागण्याचे प्रसंग विरळा. बहुतेक वणव्यांमागे माणूसच असतो. फेकलेली विडी-सिगारेट, सहलीला आलेल्यांनी न विझवता सोडलेली चूल, शिकारीसाठी लावलेली आग, जुने गवत जाळले की नवे जोमाने फुटते हा समज, अशी कारणे अनेक आहेत.

ठाणे व रायगड जिल्ह्यांत भाताच्या रोपवाटिकेची जागा पालापाचोळा आणि शेण पसरून भाजण्याची, म्हणजे राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. शेतकरी जागेवर उभा असेल तर ही आग शेतातच विझते. वाऱ्याने उचल खाल्ली तर ती बांध ओलांडून डोंगराला लागते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. वणवा पसरू नये यासाठी वनविभाग उन्हाळ्यापूर्वी ठरावीक पट्ट्यांतील गवत काढून किंवा नियंत्रितपणे जाळून ‘जाळरेषा’ तयार करतो.

वणव्याचा सुगावा आता आकाशातूनही लागतो. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या निरीक्षणांवरून आगीची ठिकाणे टिपते आणि वन अधिकाऱ्यांना संदेश पाठवते. नोंदणी केल्यास सामान्य नागरिकालाही हे संदेश मिळू शकतात. मात्र उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच एखाद्या भागावरून जातो. त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लागलेली आग सर्वप्रथम दिसते ती गावकऱ्यांनाच.

धूर रात्रीच का जाणवतो?

आग उताराने वर चढताना वेग घेते, कारण ज्वाळा वरच्या अंगाचे गवत आधीच तापवून सुकवतात. उतार दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम सांगितला जातो. आग वर जाते म्हणून पायथ्याची वस्ती निर्धास्त राहते. धुराची वाट मात्र निराळी आहे.

दिवसा जमीन तापलेली असते. गरम हवा वर चढते आणि धुरालाही वर घेऊन जाते. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा तो पूर्वेकडे ढकलतो. सूर्य मावळला की चित्र पालटते. डोंगराचे उतार लवकर थंड होतात आणि त्यांना लागून असलेली गार, जड हवा दरीत उतरू लागते. नदीकाठच्या सखल भागात थंड हवेचा थर साचतो आणि त्याच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. थंडीच्या दिवसांत पहाटे नदीवर धुके जसे अडकून राहते, तसाच धूर या झाकणाखाली अडकतो. फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री याला विशेष पोषक असतात. सकाळी ऊन तापेपर्यंत धूर हलत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, दुपारी डोंगर पेटलेला दिसला आणि घरातली हवा स्वच्छ वाटली, तरी धोका टळला असे समजू नये. रुग्णाबाबतचा निर्णय सूर्यास्तापूर्वी घ्यायला हवा.

या कामी हवेच्या मोजमापाची मदत होते, पण तिलाही मर्यादा आहे. बदलापूर पूर्वेला कात्रप येथे हवेच्या गुणवत्तेचे मोजमाप होते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाइल अॅपवर निर्देशांक पाहता येतो. मात्र सूक्ष्म कणांसाठीचा हा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर आधारलेला असतो. रात्री दोन वाजता अचानक दाटलेला धूर त्यात तत्काळ उमटत नाही. अशा वेळी नाकाला येणारा वास आणि रस्त्यावरील दिव्याभोवती दिसणारे धूसर वलय यांवर अधिक विश्वास ठेवावा.

धुरात असते काय?

डोळ्यांना दिसणारी राख सर्वांत कमी धोक्याची. ती नाकात, घशात अडकते. खरे संकट न दिसणाऱ्या कणांचे आहे. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाच्या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो; म्हणजे हे कण त्याच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक. ते फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. भारतात २००९ मध्ये ठरवलेले मानक ६० मायक्रोग्रॅम आहे. वणव्याच्या दाट धुरात हे प्रमाण शेकड्यांत जाऊ शकते. त्याखेरीज आगीच्या जवळ कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो आणि शरीराचा प्राणवायूपुरवठा तोडतो.

ज्वाळांपेक्षा धूर किती जास्त माणसे गाठतो, याचा हिशेब ऑस्ट्रेलियात झाला आहे. तेथे २०१९-२० च्या उन्हाळ्यात लागलेल्या भीषण वणव्यांत ३३ जण थेट मृत्युमुखी पडले. ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पूर्व ऑस्ट्रेलियात त्याच काळात धुरामुळे सुमारे ४१७ अतिरिक्त मृत्यू झाले असावेत; हृदय व श्वसनविकारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांची अतिरिक्त संख्या तीन हजारांवर असावी. हे मृत्यू आगीच्या बातमीत दिसत नाहीत. ते रुग्णालयात आणि घरात, निरनिराळ्या आजारांच्या नावावर नोंदले जातात.

आजारानुसार धोका वेगळा

दमा व सीओपीडी : धुरामुळे श्वासनलिका सुजतात, आकुंचन पावतात. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या स्त्रिया आणि क्षयरोग बरा झाल्यानंतर फुप्फुसात व्रण राहिलेले रुग्ण यांनाही हाच धोका आहे. रोज घ्यायचा प्रतिबंधक इनहेलर ‘आज बरे वाटते’ म्हणून बंद करू नये. तातडीचा इनहेलर हाताशी असावा आणि त्यात औषध शिल्लक आहे ना, हे उन्हाळ्याच्या आरंभीच तपासावे.

हृदयविकार : सूक्ष्म कणांमुळे रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, ठोक्यांची लय बिघडू शकते. धुराच्या दिवशी छातीत दाटून आले तर ‘धुरानेच होत असेल’ किंवा ‘पित्त झाले असेल’ असे म्हणून वेळ घालवू नये.

मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण : यांचा मुख्य धोका चुकलेल्या फेरीचा आहे. एक डायलिसिस हुकले तर अंगात पाणी आणि रक्तात पोटॅशियम साठते. आगीमुळे रस्ता बंद होण्याची चिन्हे असतील तर केंद्राला दूरध्वनी करून फेरी अलीकडे घेता येते का, ते विचारावे. आपल्याकडे उन्हाने किंवा धुराने थकलेल्या माणसाला शहाळे देण्याची रीत आहे. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र नारळपाणी, केळी, फळांचे रस घातक ठरू शकतात, कारण त्यांत पोटॅशियम भरपूर असते. मदतीला आलेल्या शेजाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

कर्करोग : केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांदरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. धुराने दुखावलेल्या फुप्फुसात जंतुसंसर्ग लवकर शिरतो. या काळात ताप आला तर तो धुराचा समजू नये. तत्काळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी संपर्क साधावा. घर सोडून गर्दीच्या ठिकाणी आसरा घेणेही या रुग्णांना त्रासाचे ठरते. त्यांनी नातेवाइकांचे घर आधीच ठरवून ठेवलेले बरे.

मधुमेह : न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. प्रवासात ते बर्फाला थेट टेकवू नये, गोठल्यास ते निकामी होते. बंद मोटारीत उन्हातही ठेवू नये.

ऑक्सिजनवरील रुग्ण

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्या रुग्णाचे आयुष्य विजेवर अवलंबून असते. उच्चदाब वाहिन्यांखाली वणवा पेटला तर दाट धुरामुळे वाहिनी बंद पडू शकते किंवा सुरक्षिततेसाठी बंद केली जाते. म्हणून भरलेला राखीव सिलिंडर घरी असावा आणि तो किती वेळ पुरेल, याचे गणित माहीत असावे. सर्वत्र वापरात असलेल्या ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर या वेगाने तो सुमारे बारा तास पुरतो. चार लिटर लागत असेल तर जेमतेम सहा तास. मीटर, नळी, किल्ली जुळते ना, हे दिवसा उजेडी एकदा जोडून पाहावे.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण इतर वस्तू भडकवतो. रुग्णाच्या कपड्यांत, पांघरुणात तो मुरतो. त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी, मेणबत्ती काहीही नको. वीज गेल्यावर मेणबत्ती शोधण्याची सवय येथे जिवावर बेतू शकते. बॅटरीचा दिवा ठेवावा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांतील फरक या साध्या यंत्राला कळत नाही. आगीजवळून आलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, गुंगी असेल तर आकडा ९८ दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे.

एक खोली धुरापासून राखावी

धूर मध्यम असेल आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर घरातली एक खोली राखून ठेवणे हा पहिला उपाय. डोंगराच्या विरुद्ध दिशेची, कमी खिडक्यांची खोली निवडावी. दाराखालच्या फटीत ओले फडके दाबावे. स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंखे बंद ठेवावेत, कारण ते आतली हवा बाहेर फेकतात आणि तितकीच धुराची हवा फटींतून आत ओढली जाते. पाण्याचा कूलर तर मुळीच लावू नये. तो बाहेरचीच हवा आत घेतो. वातानुकूलन यंत्र असेल तर बाहेरची हवा घेण्याची झडप बंद करून चालवावे. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, खमंग फोडणी यांना त्या दिवशी सुट्टी द्यावी. गच्चीवरील वा गॅलरीतील राख झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

रुमाल किंवा ओला पंचा नाकाला बांधल्याने राख अडते, सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन ९५ मास्क लागतो. तो वायू मात्र रोखू शकत नाही. शिवाय त्यातून श्वास घ्यायला जोर लागत असल्याने तीव्र फुप्फुसविकार वा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच तो वापरावा.

एप्रिल-मेच्या उकाड्यात बंद खोली स्वतःच आजाराचे कारण बनते. खोली असह्य तापत असेल आणि धूर हटत नसेल तर बंद खोलीचा उपाय संपला, असे मानून घर सोडावे.

निघायचे केव्हा?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ८ नोव्हेंबर २०१८ रोजी लागलेल्या ‘कॅम्प फायर’ या वणव्याने पॅराडाइज हे गाव भस्मसात केले. ८५ जणांचा बळी गेला आणि त्यांत वृद्धांची संख्या सर्वाधिक होती. अवघे गाव एकाच वेळी निघाले आणि रस्ते तुंबले. ज्यांना चालता येत नव्हते, ज्यांच्याकडे वाहन नव्हते, ते मागे राहिले. आपल्याकडील डोंगर आणि तेथील जंगल यांची तुलना होणार नाही. पण आजारी माणसाला निघायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, हे सत्य सगळीकडे सारखेच आहे. तीन मजले खुर्चीतून उतरवणे, रिक्षा मिळवणे, संध्याकाळच्या कोंडीतून बदलापूरचा उड्डाणपूल ओलांडणे, यांत तास सहज जातो.

म्हणून रुग्णाच्या कुटुंबाने शेजाऱ्यांच्या निघण्याची वाट पाहू नये. डोंगर दुपारपासून जळत आहे, वारा पडला आहे आणि रुग्णाला नेहमीपेक्षा जास्त वेळा इनहेलर वा जास्त ऑक्सिजन लागू लागला आहे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर उजेडातच कल्याण-डोंबिवलीकडील आप्तांकडे हलणे शहाणपणाचे. ओठ निळसर पडणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, छातीत दुखणे, बरळणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णवाहिका बोलवावी.

डोंगरपायथ्याच्या पाड्यांवर आणि फार्महाऊसवर राहणाऱ्यांना ज्वाळांचाही धोका असतो. त्यांनी आगीच्या वरच्या अंगाला कधीही जाऊ नये. तमिळनाडूतील कुरंगणी येथे मार्च २०१८ मध्ये डोंगरावर वणव्यात सापडलेल्या २३ गिर्यारोहकांचा मृत्यू झाला होता. आडव्या दिशेने, जळून गेलेल्या किंवा गवत नसलेल्या मोकळ्या जागेकडे निघावे.

धूर वणव्याचाच आहे ना, हेही पाहावे. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांना श्वास घेण्यास त्रास झाला होता. डोंगरावर आग दिसत नसताना उग्र, आंबूस वा डोळे चुरचुरवणारा वास आला तर ते वेगळे प्रकरण आहे, हे ओळखून लगेच अग्निशमन दलाला कळवावे.

तयार पिशवी

पुरासाठी ठेवतो तशीच एक पिशवी दाराशी असावी. त्यात किमान सात दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, शेवटच्या तपासण्यांचे अहवाल, आधार कार्ड व आरोग्य योजनेचे कार्ड, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, मोबाइलचा चार्जर ठेवावा. स्टेरॉइड, अपस्माराची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे अचानक थांबणे धोक्याचे असते, त्यामुळे ती आधी भरावीत. मॉर्फिनसारखी वेदनाशामके दुसऱ्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणून मूळ चिठ्ठी सोबत हवी. एका कागदावर रुग्णाचे नाव, आजार, औषधांची मात्रा, अॅलर्जी आणि डॉक्टरांचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. घाईच्या वेळी घरातले बोलू शकतीलच असे नाही, कागद बोलतो.

यादीत कोण आहे?

व्यक्तिगत तयारीला यंत्रणेची जोड हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचवणे बंधनकारक आहे. या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पार्किन्सन, थॅलेसिमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांचा त्यांत समावेश आहे. मात्र डायलिसिसवरील रुग्ण, कर्करोगाचा रुग्ण किंवा ऑक्सिजनवर जगणारा सीओपीडीचा रुग्ण केवळ त्या आजारामुळे त्यांत मोडत नाही. धुराच्या रात्री ज्यांना सर्वांत आधी हलवावे लागेल, त्यांपैकी अनेक जण कायद्याने सांगितलेल्या नोंदीबाहेर राहतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आशा सेविकांना घरोघरचे आजार ठाऊक असतात. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला कोणत्या मजल्यावर कोण अंथरुणाला खिळले आहे, हे माहीत असते. रुग्णाच्या संमतीने प्रभागनिहाय यादी तयार करून ती नगरपरिषदेच्या आपत्ती कक्षाकडे आणि अग्निशमन केंद्राकडे दिली, तर वणवा, पूर आणि वायुगळती या तिन्ही प्रसंगी ती एकच यादी उपयोगी पडेल. प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे त्याला उचलायला येणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावे असावीत. फेब्रुवारीत डोंगर पिवळा पडू लागण्यापूर्वी हे काम पुरे व्हायला हवे.

महत्त्वाचे दूरध्वनी : रुग्णवाहिका १०८, अग्निशमन दल १०१, वनविभाग १९२६, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, सर्व आपत्कालीन सेवा ११२.